गाडी सुरू झाली म्हणजे कारण कळलं?

फळ मिळालं म्हणजे कारण सिद्ध झालं, हा समज देवळात जितका जुना तितकाच गॅरेजात रोजचा. नवस बोलला आणि मूल बरं झालं, म्हणजे नवसानेच ते बरं झालं. स्टार्टरचा क्लच बदलला आणि गाडी सुरू झाली, म्हणजे क्लचच गेला होता. दोन्हीकडे विचाराची चाल एकच आहे आणि दोन्हीकडे ती लंगडी आहे. गॅरेजाची सोय अशी की ती कुठे लंगडते हे तिथे कव्हर उघडून पाहता येतं, मीटर लावून मोजता येतं, आणि निदान चुकलं असेल तर काही महिन्यांत तीच गाडी पुन्हा दारात उभी राहते. देवळात यातलं काहीच इतक्या सहजी होत नाही. म्हणून कृतीला आलेल्या यशाने नेमकं काय सिद्ध होतं, हा तात्त्विक प्रश्न आधी एका जुन्या मोटरसायकलच्या झिजलेल्या स्टार्टरवर घासून पाहावा आणि मग धर्माकडे वळावं, हे बरं. आपल्या नैयायिकांनी या प्रश्नाचा शतकानुशतकं कीस पाडला आहे. त्यांच्या उत्तराचा अर्धा भाग आजही फार मोलाचा आहे, उरलेला अर्धा तपासून घ्यावा असा आहे.

उदाहरणाला बुलेट घेऊ. १९३२ साली इंग्लंडात जन्मलेली ही गाडी १९५५ पासून मद्रासला बनू लागली आणि पुढची कित्येक दशकं किकवरच सुरू होत राहिली. सेल्फ तिच्यात रुळला तो या शतकाच्या पहिल्या दशकात. बिडाच्या सिलिंडरचं, ३४६ सीसीचं ते जुनं इंजिन मुळात सेल्फ डोळ्यांसमोर ठेवून आखलेलं नव्हतं, आणि त्याच्या सेल्फची नाजूक जागा बुलेटवाल्यांच्या जगात सगळ्यांना ठाऊक आहे. रचना साधी आहे. बटण दाबलं की रिले चिकटतो, बॅटरीचा दणदणीत करंट मोटरला जातो, मोटर गिअरच्या मालिकेतून क्रँक फिरवते. या वाटेवर, डाव्या बाजूच्या प्रायमरी कव्हरखाली, एकाच दिशेने पकडणारा क्लच बसवलेला असतो, त्याला स्प्रॅग क्लच म्हणतात. आत एक आणि बाहेर एक अशा दोन गुळगुळीत पोलादी कड्या, आणि त्यांच्यामधल्या फटीत स्प्रिंगने आवळून तिरपे उभे केलेले पोलादाचे लहान लहान तुकडे. मोटर जोर लावते तेव्हा हे तुकडे उभे होऊन दोन्ही कड्यांत पाचर मारतात आणि क्रँक फिरू लागतो. इंजिन पेटून मोटरपेक्षा वेगाने फिरू लागलं की तेच तुकडे कलतात आणि कडी मोकळी सोडतात. पकडणं आणि सोडणं, दोन्ही कामं त्याच तुकड्यांची. ते झिजले, कडीचा पृष्ठभाग खराब झाला किंवा स्प्रिंग सैल पडली की मोटर नुसती घुंईघुंई फिरते आणि इंजिन जागचं हलत नाही. कधी ते अर्धा फेरा हलतं आणि मग खर्रकन सुटतं.

आता मिस्त्रीचं अनुमान पाहा. मोटर फिरल्याचा आवाज येतो, त्या अर्थी रिले आणि मोटरचे कार्बन ब्रश यांच्यावर पहिला संशय घ्यायचं कारण नाही. किक मारली की गाडी सुरू होते, त्या अर्थी ठिणगी आणि पेट्रोलही जागेवर आहेत. दोष मोटर आणि क्रँक यांच्या मधल्या टप्प्यात आहे, आणि त्या टप्प्यात सगळ्यांत लवकर झिजणारी वस्तू म्हणजे स्प्रॅग. इथवर हा युक्तिवाद डोंगरावरच्या धुरावरून अग्नी ओळखण्याइतका सरळ आहे. पण याच टप्प्यात आणखी दोन शक्यता दडलेल्या असतात. तेल जुनं, घट्ट, गाळ धरलेलं असेल तर धड तुकडेही वेळेवर उभे राहत नाहीत आणि क्लच घसरतो. बॅटरी उतरलेली असेल तर मोटर रडतखडत फिरते, आणि ऐकणाऱ्याला ते क्लच घसरल्यासारखंच वाटू शकतं. बरं, तपासणीच्या खुणाही फसव्या असतात. नुसती ठेवलेली बॅटरी मीटरवर १२.६ व्होल्ट दाखवते आणि भरलेली वाटते, पण बटण दाबताक्षणी तीच १० च्या खाली कोसळू शकते. कव्हर काढून गिअर हाताने फिरवला तर स्प्रॅग एका बाजूला अडकतो, एका बाजूला मोकळा फिरतो, म्हणजे ठीक वाटतो. पण हाताचा जोर तो किती! इंजिनाच्या कॉम्प्रेशनचा भार आला की तोच घसरतो. साध्य असो वा नसो, दोन्ही ठिकाणी आढळणारी खूण पुराव्याच्या कामाची नसते. न्यायशास्त्रात अशा हेतूला अनैकांतिक म्हणतात.

समजा, मिस्त्रीने स्प्रॅग बदलला आणि गाडी एका बटणात सुरू झाली. मालक खूश, मिस्त्री खूश. पण या एका दुरुस्तीत किती गोष्टी बदलल्या ते मोजू. प्रायमरी कव्हर उघडायचं तर तेल काढावं लागतं आणि बसवताना नवं भरावं लागतं. गाडी गॅरेजात रात्रभर राहिली तर बॅटरी चार्जिंगला लागलेली असते. वायरींची टोकं सोडून, घासून पुन्हा आवळली जातात. तेव्हा नवा स्प्रॅग, नवं तेल, भरलेली बॅटरी आणि स्वच्छ जोड, चारही गोष्टी एकदम आल्या. यश या चौघांचं मिळून आहे, आणि श्रेय मात्र एकाच्या नावावर लिहिलं जातं. ज्याला खरोखर जाणायचं आहे त्याने एका वेळी एकच गोष्ट बदलायला हवी. आधी दुसरी भरलेली बॅटरी जोडून बघायची, मग तेल, आणि सरतेशेवटी क्लच. हे असताना ते होतं आणि हे नसताना ते होत नाही, असं दोन्ही बाजूंनी पाहण्याला आपल्याकडे अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात. दुरुस्तीने अन्वय तेवढा हाती येतो. व्यतिरेक मुद्दाम शोधावा लागतो, आणि काम झाल्यावर तो शोधण्याची कुणाला गरज वाटत नाही.

याहून खोल एक पायरी आहे. स्प्रॅग खरोखरच गेला होता असं धरू. काढलेले तुकडे हातात घेतले तर त्यांच्या कडा दुखावलेल्या, कडीवर खड्डे पडलेले. पण तो का गेला? निव्वळ वयाने झिजलेला क्लच सहसा सगळीकडे सारखा झिजतो. खड्डे आणि तुटक्या कडा आघाताची गोष्ट सांगतात. बॅटरी कमजोर असली की पिस्टन कॉम्प्रेशनच्या वर झटकन चढत नाही. तो वरच्या टोकाला पोहोचण्याआधीच ठिणगी पडते, पेटलेला वायू त्याला मागे लोटतो आणि क्रँक उलटा फिरतो. किकवर हाच झटका पायाच्या घोट्याला बसतो. सेल्फवर तो स्प्रॅगला बसतो, आणि तोही नेमका स्प्रॅग घट्ट अडकलेला असताना, कारण क्रँक उलटा फिरू लागणं म्हणजे मोटरच्या जोरात भर पडणंच. पाचर आणखी आवळते, गिअरचे दात आणि मोटरसुद्धा तो धक्का खातात. म्हणजे स्प्रॅग निकामी झाला हे खरं, पण त्याला निकामी करणारी बॅटरी होती. तिला हात न लावता नवा स्प्रॅग बसवला तर तोही त्याच वाटेने जाणार. निदान खरं निघालं, दुरुस्तीला यश आलं, आणि तरीही कारण कळलेलं नाही, अशी ही अवस्था आहे. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे की ही अवस्था अपवादाची नाही, माणसाच्या बहुतेक यशांची ती नेहमीची अवस्था आहे.

या अवस्थेला नैयायिकांच्या शास्त्रात नेमकी जागा आहे. धूर असेल तिथे अग्नी असतो हे खरं. उलट बाजूने, अग्नी असेल तिथे धूर असतो, हे मात्र खोटं. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला अग्नीखेरीज ओलं सरपण लागतं. हे ओलं सरपण म्हणजे उपाधी, वाक्यात न बोललेली पण सगळा भार वाहणारी अट. १७ व्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात हे उदाहरण आहे, आणि तर्कसंग्रहाची आठल्ये आणि बोडस यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १८९७ साली मुंबईतूनच निघाली, तेव्हा मराठी वाचकाला ही भाषा परकी नाही. क्लच घसरतो म्हणून क्लच बदला, या सूत्रातली उपाधी आहे बॅटरी. खोटं अनुमान चटकन पकडलं जातं. उपाधी पोटात दडवलेलं अनुमान कित्येकदा खरं ठरतं आणि म्हणूनच जास्त काळ फसवतं.

योगायोगाने खरं ठरणं आणि जाणणं यांतला फरक आपल्या तत्त्वज्ञांनी फार लवकर हेरला होता. आठव्या शतकातला बौद्ध तार्किक धर्मोत्तर एक प्रसंग कल्पितो. मांस भाजण्यासाठी नुकताच विस्तव पेटवला आहे, धूर अजून निघालेला नाही, पण मांसावर माशांचा थवा घोंगावतो आहे. लांबून पाहणाऱ्याला तो धूर वाटतो आणि तो म्हणतो, तिथे विस्तव आहे. विस्तव आहेच. तरी याला ज्ञान म्हणायचं का? १२ व्या शतकात श्रीहर्षाने मुठीत लपवलेल्या कवड्यांचं उदाहरण दिलं: किती आहेत असं विचारल्यावर कुणी अंदाजाने पाच म्हणावं आणि त्या पाचच निघाव्यात. उत्तर बरोबर, पण जाणलं काय? पश्चिमेकडे हा प्रश्न १९६३ साली एडमंड गेटियरच्या तीन पानी लेखाने गाजला. आपल्याकडे त्याला हजाराहून अधिक वर्षं झाली होती. घसरण्याचा आवाज ऐकून थेट स्प्रॅग मागवणारा मिस्त्री अनेकदा बरोबर ठरतो, तो याच अर्थाने.

यावर न्यायदर्शनाचा आरंभीचाच सिद्धान्त आडवा घालता येईल. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन सांगतो की ज्ञान खरं आहे की नाही हे त्यावर विसंबून केलेल्या कृतीच्या सफलतेवरून ठरतं. पाणी समजून गेलो, तहान भागली, म्हणजे ते पाणीच होतं, मृगजळ नव्हतं. मग गाडी सुरू झाली यापरता पुरावा तो कोणता? सिद्धान्त मान्य आहे, त्याचा आवाका तेवढा ओळखायला हवा. तहान भागली याने ते पाणी होतं हे सिद्ध होतं, ते कुठल्या झऱ्याचं हे सिद्ध होत नाही. गाडी सुरू झाली याने ‘आता सगळ्या अटी पुऱ्या झाल्या आहेत’ एवढंच सिद्ध झालं. त्यांतली कुठली अट आधी अपुरी होती आणि ती अपुरी का पडली, याबद्दल सुरू झालेलं इंजिन मुकं असतं. मीमांसक कुमारिलाचा पवित्रा वेगळा आहे. त्याच्या मते ज्ञान मुळातच प्रमाण असतं, बाध येईपर्यंत ते खरं धरावं, प्रत्येक वेळी पडताळा मागत बसलो तर पडताळ्याचाही पडताळा लागेल. व्यवहारात हे बरोबर आहे, मिस्त्रीनेही पहिला अंदाज विश्वासानेच घ्यावा. पण या भूमिकेला एक अट चिकटलेली आहे. बाध येण्याची वाट मोकळी ठेवली पाहिजे. सहा महिन्यांत दुसरा स्प्रॅग गेला तर तो बाध आहे. ‘हल्ली पार्ट्सच चांगले येत नाहीत’ असं म्हणून तो उडवून लावला तर ज्ञानाच्या स्वतःप्रामाण्याचा आधार घेण्याचा हक्क संपतो.

धर्माचा प्रश्न इथेच उभा राहतो, आणि तो उभा करण्याचं श्रेयही न्यायसूत्रांचंच. दुसऱ्या अध्यायात आक्षेपक म्हणतो: पुत्रकामेष्टी केली तरी मूल होत नाही, तेव्हा वेदवचन खोटं. सूत्रकाराचं उत्तर असं की वचन खोटं नाही, कर्मात, कर्त्यात किंवा साधनात वैगुण्य राहिलं असेल. वात्स्यायनाने इथे दिलेला दाखला तर थेट आपल्या विषयातला आहे. अग्नी हवा असेल त्याने लाकडावर लाकूड घुसळावं, हा उपदेश खराच आहे. तरी अग्नी निघाला नाही तर घुसळणं चुकलं असेल, घुसळणाऱ्याने हयगय केली असेल किंवा लाकूड ओलं, पोकळ असेल. अरणी हा जगातला जुना स्टार्टरच म्हणायचा, आणि सेल्फ लागला नाही तर मिस्त्रीही नेमक्या याच तीन जागा तपासतो: कृती, माणूस, साधन. तेव्हा वैगुण्याची सबब मुळात अप्रामाणिक नाही. गॅरेज दिवसभर तिच्यावरच चालतं.

प्रश्न सबबीच्या अटीचा आहे. लाकूड ओलं आहे हे अग्नी निघाला नाही यावरून ठरवायचं नसतं, ते घुसळण्याआधी हात लावून कळतं. बॅटरी कमजोर आहे हे भार देऊन मीटरवर दाखवता येतं, गाडी सुरू होवो वा न होवो. वैगुण्य फळापासून स्वतंत्रपणे दाखवता येत असेल तर ते स्पष्टीकरण आहे. ते केवळ फळ न आल्यावरून मानायचं असेल तर ती पळवाट आहे. वात्स्यायनाचा लाकडाचा दाखला ही कसोटी पार करतो, पुत्रकामेष्टीचा सहजी करत नाही. मंत्राचा स्वर चुकला, यजमानाचं मन शुद्ध नव्हतं, हविर्द्रव्य नीट सिद्ध केलं नव्हतं, यांपैकी काही गोष्टी आधी नोंदवून ठेवता येतील. पण त्या तशा नोंदवून, स्वर चुकलेल्या आणि न चुकलेल्या इष्टींची फळं शेजारी शेजारी मांडण्याची रीत परंपरेने घातली नाही. फळ आलं की श्रेय विधीला आणि फळ नाही आलं की दोष यजमानाला, असा हिशेब कधीच तोट्यात जात नाही. जो हिशेब तोट्यात जाऊच शकत नाही त्यातला नफाही खरा मानता येत नाही.

यशाच्या बाजूचा नमुना नवव्या शतकातल्या काश्मीरमध्ये सापडतो. जयंत भट्ट हा मोठा नैयायिक, त्याची न्यायमंजरी हा वादग्रंथांतला अव्वल ग्रंथ. वेदोक्त काम्य कर्मांना फळ येतं हे दाखवताना तो घरचाच पुरावा देतो: आपल्या आजोबांनी गावाच्या इच्छेने सांग्रहणी इष्टी केली आणि ती संपताच त्यांना गौरमूलक नावाचं गाव मिळालं. जयंताचा मुलगा अभिनंद याने कादंबरीकथासारात घराण्याची वंशावळ दिली आहे. तिच्यानुसार जयंताचे पणजोबा शक्तिस्वामी हे काश्मीरचा राजा मुक्तापीड ललितादित्य याचे मंत्री होते. म्हणजे गाव मिळालं ते एका मंत्र्याच्या मुलाला. जयंताच्या प्रामाणिकपणावर शंका घ्यायचं कारण नाही, इष्टी झाली असेल आणि गावही मिळालं असेल. पण ओलं सरपण कुठे होतं ते दिसतं. मंत्र्याच्या घरात न जन्मलेल्या किती ब्राह्मणांनी सांग्रहणी केली आणि त्यांतल्या कितींना गाव मिळालं, हा व्यतिरेकाचा प्रश्न. दुसऱ्यांच्या अनुमानातल्या उपाध्या इतक्या बारकाईने हुडकणाऱ्या शास्त्राने आपल्या आजोबांच्या बाबतीत तो विचारला नाही.

चार्वाकाच्या बाजूने यावर उलटा हल्ला होईल. कर्ज काढून तूप पिणारा एवढीच आपल्याकडे त्याची ओळख उरली असली तरी ज्ञानाबद्दलचा त्याचा आक्षेप जबर आहे. तो म्हणेल, उपाधी शोधायच्याच तर शोध थांबणार कुठे? बॅटरी कमजोर होती, ठीक. ती कमजोर का झाली? चार्जिंगची कॉइल मंदावली होती का? मालक रोज दोनच किलोमीटर गाडी चालवतो म्हणून ती भरतच नव्हती का? न दिसणारी अट नाही, असं कोण छातीठोकपणे सांगणार? मग गॅरेजातलं अनुमान आणि देवळातलं अनुमान सारखंच कच्चं. या आक्षेपाचं सगळ्यांत समर्थ उत्तर १० व्या शतकाच्या अखेरीस मिथिलेतल्या उदयनाने दिलं. त्याचा आशय असा की शंका तिथवरच शंका असते जिथवर ती शंकेखोराच्या स्वतःच्या वागण्याला छेद देत नाही. धुरासाठी अग्नीकडे आणि तृप्तीसाठी अन्नाकडे जाणारा माणूस कार्यकारणभावावर शंका असल्याचं फक्त बोलतो. यंत्राच्या बाबतीत हे उत्तर चांगलं लागू पडतं. तिथे शक्यता मोजक्या असतात, प्रत्येकीची तपासणी ठरलेली असते, आणि बॅटरी, चार्जिंग, तेल, क्लच एवढं पाहून झाल्यावर पुढची शंका घेणारा माणूसही बटण दाबायला कचरत नाही. शोध अनंत नसतो, पण तो पहिल्या यशापाशीही संपत नाही. भाविकाकडूनही मागणी एवढीच आहे. सगळ्या उपाध्या शोधा असं कुणी म्हणत नाही, डोळ्यांसमोरची औषधाची बाटली तरी मोजा.

भाविकाचा आक्षेप याहून गंभीर आहे. तो म्हणेल, धर्म म्हणजे गॅरेज नव्हे. दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूचा हार घालतो तो काही स्प्रॅग टिकावा म्हणून नव्हे. ज्याच्यावर पोट चालतं त्या साधनापुढे वाकायचं, एवढाच त्याचा अर्थ. हे बोलणं पूर्ण मान्य करण्याजोगं आहे, आणि मीमांसेने त्याला शास्त्रीय घरही दिलं आहे. नित्य आणि नैमित्तिक कर्मं कर्तव्य म्हणून करायची असतात, काम्य कर्म विशिष्ट फळासाठी. वरचा सगळा युक्तिवाद काम्य कर्मालाच लागतो, संध्याकाळच्या दिव्याला किंवा वारीच्या वाटचालीला लागत नाही. त्यांनी कसलंच फळ कबूल केलेलं नाही, त्यामुळे त्यांचा पडताळाही मागता येत नाही. मात्र ही सवलत घ्यायची तर पुरती घ्यावी. एरवी ‘श्रद्धेला पुरावा कशाला’ म्हणायचं आणि मूल बरं झाल्यावर मात्र तेच पुरावा म्हणून पुढे करायचं, असं दोन्हीकडून चालणार नाही. ज्या दिवशी फळाचा दाखला दिला त्या दिवशी माणूस आपल्या पायांनी गॅरेजात आला, आणि तिथले नियम त्याला लागू झाले. नवसाने मुलं होत असतील तर नवऱ्याची गरज का पडावी, असा रोकडा सवाल तुकोबांच्या नावे रूढ असलेल्या अभंगात आहे. तो नास्तिकाचा नव्हे, विठ्ठलभक्ताचा सवाल आहे. व्यतिरेकाची कसोटी भक्तीच्या विरुद्ध जात नाही, हे वारकऱ्यांना कुणी शिकवायची गरज नाही.

राहिला व्यवहारी माणूस. त्याला यातलं काहीच नको असतं. गाडी सुरू झाली ना, मग कारण कळलं काय आणि न कळलं काय! पूर्ण असेंब्लीच बदलून टाकावी, दोष कुठे का असेना, गेला. याला नीतीचं उत्तर देण्याआधी हिशेबाचं उत्तर द्यावं. असेंब्लीत बॅटरी येत नाही आणि गाडी चालवणाऱ्याची सवयही येत नाही. बटण पाच-सात सेकंदांहून जास्त न दाबणं, मध्ये थोडं थांबणं, थंड सकाळी किंवा बॅटरी मंद वाटली तर सरळ किक मारणं, एवढं कळलं तर नवा स्प्रॅग वर्षानुवर्षं टिकतो. हे कळायला कारण कळावं लागतं. जुन्या गाडीला सुटा भाग मिळणं दिवसेंदिवस कठीण होत जातं, तिथे अज्ञानाची किंमत प्रत्येक दुरुस्तीत वाढते. माणसाच्या दुखण्याला तर सुटे भाग नाहीतच. अंगारा लावल्यावर ताप उतरला म्हणून पुढच्या तापालाही आधी अंगारा शोधणारं घर नव्या स्प्रॅगवर समाधान मानणाऱ्या मालकाचीच चूक करतं, पण तिथे पणाला लागलेली वस्तू बदलून मिळत नाही.

म्हणून काम फत्ते झाल्यावर, मग ते गॅरेजातलं असो, दवाखान्यातलं असो की देवळातलं, एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी: त्याच वेळी आणखी काय काय बदललं होतं? अपयशात हा प्रश्न कुणीही विचारतो, यशात विचारणारे थोडे. काढलेला क्लच भंगारात टाकण्याआधी उजेडात धरून बघावा, बॅटरी भाराखाली मोजावी, आणि नवस फेडायला जरूर जावं, पण मुलाला दिलेल्या औषधाचं नाव विसरू नये. ज्या श्रद्धेला हा प्रश्न चालतो तिला तर्काचं भय नाही. जिला तो चालत नाही तिने निदान फळाचा दाखला देणं थांबवावं.